थांबवता न येणारा खेळ

तिसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा लक्षात आलं, त्या बाईला चेहराच नाही. ओट्यापाशी पाठमोरी उभी, केसांचा छोटासा अंबाडा, करड्या रंगाचं काहीतरी अंगावर. जवळ जाऊन बटण दाबलं की मान न वळवता म्हणते, ‘जेवून घे, गार होतंय.’ पुन्हा दाबलं की पुन्हा तेच. मी तिच्या डाव्या बाजूने गेले, उजव्या बाजूने गेले, ती माझ्याबरोबर फिरत राहिली, पाठ तेवढी माझ्याकडे. दुपारची सुट्टी होती. डबा उघडून पुढ्यात, एका हातात फोन, आणि ते वाक्य माझं होतं. ‘जेवून घे, गार होतंय’ हे या जगात लाखो बायका म्हणत असतील, कबूल. पण खेळ माझ्या भाच्याने केलेला होता, खेळातला पलंग खिडकीला आडवा लावलेला होता, पलंगावरची म्हातारी माझी आई होती, आणि ती वाचावी म्हणून घरभर धावणारा, नोकरी सोडून आलेला, चष्मेवाला, प्रेमळ मुलगा माझा दादा होता. राहता राहिली मी. मी ओट्यापाशी होते.

‘ताई, डबा गार होतोय तुमचा,’ डोळे तपासणारी म्हणाली. ती आमच्या दुकानात पुढच्या खोलीत बसते, लोकांना अक्षरं वाचायला लावते आणि नंबर काढते. मी मागच्या खोलीत त्या नंबरच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवते. एकोणतीस वर्षं. तिच्या तोंडून तेच शब्द आले म्हणून मला हसू आलं, आणि मग इतका राग आला की डबा बंदच करून टाकला.

मला खेळांमधलं कळतं. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाही. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली, आज छप्पन्न पुरी आहेत, आणि या काळात शंभरावर खेळ खेळून झाले. खेळणाऱ्यांच्या एका पानावर मी मतं लिहिते, ‘जाड भिंग’ या नावाने. चार-पाच हजार लोक वाचतात. बहुतेकांना मी पुरुष वाटते. ‘काका, बरोबर बोललात’ असं लिहितात, आणि मत पटलं नाही की ‘काका, नाचता येईना अंगण वाकडं’ असं लिहितात. मी दुरुस्त करत नाही. शेतीच्या त्या गाजलेल्या खेळाबद्दल मी लिहिलं होतं की ज्या गोठ्यात शेण नाही तिथली गाय खरी नाही, आणि ज्या गावात कुणीच कुणाशी अबोला धरत नाही ते गावही नाही. दोनशे लोक तुटून पडले. पडोत. गाडी पळवायच्या खेळाला मी अर्धा तारा दिला, कारण शर्यत सुरू झाली की तो मधे थांबू देत नाही. रंगीत गोट्या जुळवायच्या खेळाला तोही दिला नाही. तो निघताना दारात अडवणाऱ्या पाहुण्यासारखा आहे, बसा हो थोडं, बसा हो थोडं, आणि दुपार गेलेली असते. बंदुकांच्या खेळात मी वाईट नव्हते, चांगली पोचले होते पुढे. पण तिथे मेलेला माणूस काही सेकंदांत विरून जातो. मी लिहिलं, ज्यांनी हा खेळ केला त्यांनी कधी मेलेलं माणूस उचललेलं नाही. त्याला किती हात लागतात, ते हात कसे घालावे लागतात, मान कशी मागे जाते, हे ठाऊक असतं तर त्यांनी निदान एक मिनिट तरी ते तिथे पडून राहू दिलं असतं. आणि वरून पडणारे ठोकळे रचायचा तो जुना खेळ, त्याला मी पाचपैकी पाच दिले, कारण तो खोटं बोलत नाही. शेवटी तू हरणारच आहेस हे तो पहिल्या मिनिटालाच सांगतो, आणि तरी रच म्हणतो.

जेवणाच्या सुट्टीनंतर एक काच घासायला घेतली. अवघड नंबर होता, तिरकस, अक्ष दोन अंश जरी हलला तरी त्या माणसाला सपाट जमीन उतरती दिसली असती. यंत्रावर पाणी पडत राहतं, काच बारीक ओरडते, हाताला तो आवाज कळतो. अशा वेळी मन मोकळं असतं, ही या कामातली मोठी चैन. पण त्या दिवशी मन मोकळं सुटलं ते थेट आईच्या खोलीत जाऊन बसलं. आईला अर्धांगाचा झटका आला आणि ती सात वर्षं राहिली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डाव्या हातात तिने एक चमचा धरून ठेवला होता, पलंगाच्या लोखंडी कठड्यावर तो दोनदा वाजवायची, म्हणजे ये. सकाळी शेजारच्या काकू बसायच्या, मी एक वाजता कामावरून जायची, आणि मग मी आणि ती. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. डावीकडे, उताणी, उजवीकडे, उताणी. एका वळवण्यापासून दुसऱ्या वळवण्यापर्यंत जो वेळ उरायचा, त्यातून जेवण, धुणं, पुसणं, भरवणं वजा केलं की वीस मिनिटं राहायची, कधी पंचवीस. वीस मिनिटांत माणूस झोपू शकत नाही, बाहेर जाऊ शकत नाही, पुस्तक धरलं तर त्याच पानावर चार दिवस काढतो. भाचा तेव्हा कॉलेजात होता. सुट्टीला आला होता, त्याने नवं यंत्र घेतलं होतं, म्हणून जुनं, हातात धरून खेळायचं, माझ्याकडे टाकून गेला. ‘आत्या, तू खेळ, टाइमपास होईल.’ एवढं श्रेय त्याचं आहे आणि ते मी कधी नाकारणार नाही.

आई बघायची. तिला उंच उशी दिली की पडदा दिसायचा. मी बंदूक घेऊन भिंतीआड दबा धरून बसलेली असायची आणि ही बाई, जिने उभ्या जन्मात माशी मारली नसेल, चमचा वाजवून मला सांगायची की शत्रू डावीकडून येतोय. बरेचदा खोटंच सांगायची. मी वळले आणि उजवीकडच्याने मला मारलं की तिच्या चेहऱ्याची जी एक बाजू शाबूत होती ती हसायची. अशी लबाड. आजाराने माणूस देव होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या आईला बघायला हवं होतं.

माझा खेळांबाबतचा पहिला नियमही तिथलाच. नावाड्याचा एक खेळ होता. लोकांना होडीतून पलीकडे न्यायचं, ते आपापलं काही सांगतात, आपण वल्हवायचं, बाकी काही नाही. मला तो फार आवडला होता. एका दुपारी एक म्हातारा होडीत बसून आपल्या भावाची गोष्ट सांगत होता आणि चमचा वाजला. मी म्हटलं, ‘आले गं, एवढं झालं की.’ पुन्हा वाजला. ‘आले आले.’ मग वाजला नाही. म्हाताऱ्याची गोष्ट संपायला चार मिनिटं लागली. गेले तेव्हा चादर ओली होती आणि आईने तोंड भिंतीकडे केलं होतं. ते तिने आपणहून कसं केलं, मला आजतागायत समजलेलं नाही, तिला मान वळवता येत नसे. मी सगळं बदललं, पुसलं, पावडर लावली, बोलत राहिले, काहीबाही विनोद केले. ती संध्याकाळपर्यंत भिंतीकडेच बघत होती. रडली असती, चमचा फेकून मारला असता तर बरं झालं असतं. नावाड्याचा तो खेळ मधे थांबवता यायचा. बटण होतं. मीच दाबलं नव्हतं. तेव्हापासून कुठलाही खेळ हाती घेतला की मी आधी बघते की तो थांबवता येतो का, कुठल्याही क्षणी, कुणाची परवानगी न घेता. जो थांबत नाही तो खेळ ज्याच्या घरी कुणी हाक मारणारं आहे अशा माणसासाठी केलेलाच नाही, आणि मग तो कितीही देखणा असो, माझ्या उपयोगाचा नाही.

भाच्याचा खेळ थांबवता येत नव्हता. मी सगळीकडे बटण शोधलं. मग त्याने खेळाच्या पानावर लिहिलेलं वाचलं: ‘या खेळात मुद्दामच थांबा ठेवलेला नाही. कारण आजारी माणसाची काळजी घेणाऱ्याला थांबा नसतो.’ त्याखाली, ‘बाबांना अर्पण.’ मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. काळजी घेणाऱ्याला दुसरं असतं काय रे बाबा? घास तोंडाशी नेलेला थांबतो, केसांत कंगवा थांबतो, कुणाशी बोलत असलेलं वाक्य थांबतं, आलेलं स्थळ थांबतं आणि मग परत जातं. सगळा थांबाच. पण त्याचा काय दोष? सुट्टीतले चार दिवस सोडले तर त्याने आजीचं आजारपण फोनवरूनच ऐकलेलं. दादा दर रविवारी फोन करायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, ‘औषधं वेळेवर देतेस ना?’ मग डॉक्टरांनी काय काय करायला हवं ते मला समजावून सांगायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मुलगा शेजारी बसून हे ऐकत राहिला, आणि त्याने तेवढंच खेळात घातलं: औषधं. तीन रंगांच्या गोळ्या, घड्याळ, आणि म्हातारीच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी. गोळी वेळेवर दिली की पट्टी वाढते. चुकली की घटते. कुशीवर वळवणं खेळात नव्हतंच. सात वर्षं ती म्हातारी उताणी पडून होती आणि तिची पाठ स्वच्छ होती.

एका फेरीत मी मुद्दाम दोन गोळ्या चुकवल्या, बघू म्हटलं काय होतं. पट्टी संपली, पडदा काळा झाला आणि मधोमध पांढरी अक्षरं आली: ‘तुम्ही उशीर केलात.’

मी फोन उलटा ठेवला. आई गेली त्या दिवशी सगळ्या गोळ्या वेळेवर दिलेल्या होत्या. सकाळची आठची, दुपारची दोनची. ती चार वाजता गेली, उजव्या कुशीवर, मी तिची पाठ पुसत असताना. आणि हा दीड शहाणा म्हणतो की नीट खेळणाऱ्याची आई खेळाच्या शेवटच्या दिवसापर्यंत जगते आणि उन्हात, संगीत लावून, शांतपणे जाते. ज्याची आधी गेली त्याचं चुकलं. जगात आज किती घरांत किती माणसं अशी पाठ पुसत बसली असतील. त्यांच्यापैकी कुणीतरी हा खेळ उघडेल, एकदा कंटाळून गोळी चुकवेल, आणि ही अक्षरं वाचेल.

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. आवाजात साखर. ‘खेळलीस का गं? रडलीस ना? मी तर ढसाढसा रडलो.’ मग म्हणाला, पुढच्या आठवड्यात खेळांचं मोठं प्रदर्शन आहे, तिथे जगभरचे लोक येतात, आणि तुझ्या त्या पानावर तू लिहिलंस तर फार फरक पडेल असं पोरगा म्हणतो. ‘पाच तारे दे आणि चार ओळी लिही. तुला काय, तू एका हाताने लिहिशील.’

‘दादा, मला तो आवडला नाही.’

‘आवडला नाही म्हणजे? आपल्या आईवर आहे तो!’

‘म्हणून तर.’

त्याने समजुतीचा सूर काढला, जो मला त्याच्या रागापेक्षा अधिक नकोसा वाटतो. ‘हे बघ, लहान आहे तो. हौसेने केलंय. घरचीच माणसं पाय ओढायला लागली तर परक्यांनी काय करायचं? नाही आवडलं तर गप्प बस. पण वेडंवाकडं काही लिहू नकोस. तुझ्या वहिनीलाही चालणार नाही. शेवटी पुढच्या वर्षीपासून सगळ्यांना एका घरात राहायचंय.’

हे त्याने सहज म्हटलं, पण वजन टाकून म्हटलं. पुढच्या वर्षी दुकान बंद होतंय. काचा आता एका मोठ्या कारखान्यातून तयार होऊन येणार आहेत. मी राहते ती भाड्याची जागाही सोडायची आहे. दादाने आपणहून सांगितलं होतं, आमच्याकडे ये, मागची खोली तुझी, खिडकीत झाडं लाव, खेळ काय खेळायचे ते खेळ. मला दुसरं कुणी नाही. या वयात नव्या गावी नव्या कुलपाची किल्ली घेऊन एकटीने जायची मला धास्ती होती, आणि ती खोली असली तर जावं लागणार नव्हतं. म्हणजे व्यवहार सरळ होता. एका बाजूला मागची खोली, दुसऱ्या बाजूला चार ओळी.

मी चार दिवस लिहिलं नाही. काचा घासल्या. डोळे तपासणारीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘ताई, पाच तारे द्यायचे आणि मोकळं व्हायचं. कोण वाचतंय? आणि खोली म्हणजे खोली असते हो.’ ती चुकीचं बोलत नव्हती. मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं: इतकी वर्षं गप्प बसलीस, मग आता कुठून ऊत आला? पण तसं गप्प बसणं आणि आता खोटं लिहिणं यांत फरक होता. गप्प बसले तेव्हा मला निदान माहीत होतं की काय झालं. पाच तारे देऊन सही केली की मग मलाही हळूहळू वाटायला लागेल की मी ओट्यापाशी होते. माणसाचं काय, त्याला काहीही वाटायला लागतं. दुकानात असे लोक येतात, चुकीच्या नंबरचा चष्मा वर्षभर वापरलेले, आणि बरोबर काच घातली की म्हणतात, हे काय, सगळं वाकडं दिसतंय.

पाचव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत, मागच्या खोलीत बसून, एका दमात लिहिलं. खेळ देखणा आहे, खिडकीतलं ऊन खरं आहे, म्हातारीचे हात चांगले काढले आहेत, हे आधी लिहिलं, कारण ते खरं होतं. मग लिहिलं: हा खेळ ज्याने केला त्याने आजारी माणसाला भेट दिलेली आहे, सांभाळलेलं नाही. इथे आईला कुणी वळवत नाही, पुसत नाही, तिच्याकडून मार खात नाही, तिच्याबरोबर हसत नाही. इथे प्रेम म्हणजे वेळेवर गोळी. आणि जिची आई गेली तिला हा खेळ म्हणतो की तुम्ही उशीर केलात. बाई गं, बाबा रे, तुम्ही उशीर केला नाहीत. आजारी माणसं जातात. मी जिला सात वर्षं सांभाळलं ती वेळेवर औषध घेऊन गेली. एकदा मी चार मिनिटं उशीर केला होता, त्याची शिक्षा मी आणि ती, आम्ही दोघींनी भोगली. ती द्यायचा अधिकार कुठल्याही खेळाला नाही. शेवटी लिहिलं की ज्याला हा अर्पण केला आहे त्या मुलाने आपल्या आईला एकदाही कुशीवर वळवलेलं नाही. एक तारा, उन्हासाठी. ‘जाड भिंग’ या नावाखाली पहिल्यांदाच लिहिलं: मी काका नाही, आत्या आहे.

पाठवून दिलं. मग भूक लागली.

पहिला फोन भाच्याचा आला, तासाभराने. ओरडेल असं वाटलं होतं, तो फारच हळू बोलत होता. ‘आत्या, पुढच्या वेळी आपण तुझा चेहरा काढू. आणि तुझं पात्र खेळता येईल असं करतो. सगळ्यांना तूच व्हायला मिळेल. वळवणं वगैरे सगळं घालतो, तू सांग. फक्त ते काढ.’

मोह झाला, खोटं कशाला बोलू? क्षणभर मला दिसलंही, जगभरची माणसं अंबाडा घालून माझ्या आईला वळवताहेत. वळवलं की टिंग असा आवाज येतोय आणि हिरवी पट्टी वाढतेय.

‘नको,’ मी म्हटलं. ‘मला कुणी खेळायचं नाही.’

‘मग मी काय करू?’

‘ते पांढरं वाक्य काढून टाक. माझ्यासाठी नाही, तुझ्याच खेळासाठी सांगतेय. आणि थांबायचं बटण घाल.’

‘बघतो,’ तो म्हणाला. त्याच्याबद्दल मला त्या क्षणी फार माया वाटली, आणि तरीही मी माझा शब्द मागे घेतला नाही.

दादाचा फोन दुकान बंद व्हायच्या आधी आला. यंत्र बंद केलं. तो ओरडला. हजारो लोकांसमोर माझी अब्रू घालवलीस, म्हणाला. मी पोट भरायला गावोगाव फिरत होतो, मजा मारत नव्हतो, म्हणाला. मी ऐकून घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं. ‘पण वळवलं नाहीस ना?’ मी विचारलं. ‘एकदा तरी?’

वहिनी मागून काहीतरी म्हणाली, त्याने तिला गप्प केलं. मग अगदी वेगळ्या आवाजात, लहानपणी अंधाराला घाबरायचा तेव्हा ज्या आवाजात मला उठवायचा त्या आवाजात त्याने विचारलं, ‘जड होती का गं?’

नऊ वर्षांत, ती असताना आणि गेल्यावर, हे मला कुणी विचारलं नव्हतं. ‘शेवटी एकतीस किलो,’ मी म्हटलं. ‘पण आजारी माणूस वजनापेक्षा जड लागतं. एक हात मानेखाली घालायचा, एक गुडघ्यांखाली, आणि तिला आधी सांगायचं की आता वळवते. न सांगता वळवलं तर घाबरायची.’

‘मला माहीत नव्हतं.’

‘तू विचारलं नव्हतंस.’

‘आता विचारलं ना,’ दादा म्हणाला. त्याचं नाक चोंदलं होतं, तो खरंच रडत होता. ‘झालं ना आता? आता तरी काढ ते. वहिनीने तुझी खोलीही रंगवून घेतलीय.’

‘ते राहील, दादा,’ मी म्हटलं. ‘खोली दुसऱ्या कुणाला दे.’